मधोमधची केबिन

४ फेब्रुवारी

ती. आजी,

नमस्कार. मायन्यापाशीच माझं घोडं बराच वेळ अडलं होतं. ‘आई’ लिहायचा मला अधिकार नाही. ‘काकू’ लिहिलं तर शेजारपाजारचं वाटतं. आणि नात्याने बघायला जावं तर तुम्ही माझ्या कुणीच लागत नाही. शेवटी मुलं जे म्हणतात तेच लिहिलं. चालेल ना?

अक्षर ओळखीचं नाही म्हणून सांगते. मी तुमच्या जावयांची दुसरी बायको. त्याच्या आधीची ओळख हवी असेल तर चष्म्याच्या दुकानातली, डोळे तपासणारी. तुमच्या नातीला, आमच्या पंतोजीला, पहिला चष्मा लागला तेव्हा तुम्हीच तिला घेऊन आला होता. फ्रेम सारखी खाली यायची. मी नाकावरच्या गाद्या बदलून बदलून थकले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “नाक आमच्याकडचं आहे, त्याला इलाज नाही.” आपण दोघी हसलो होतो. नंतर चष्मा मोडला की तिचे बाबा यायला लागले, आणि तो जरा जास्तच वेळा मोडायला लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही या घरचा फोन उचलत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमची लेक गेल्यावर दोन वर्षं तुम्ही इथे राहून दोन्ही मुलांना वाढवलंत, धाकट्या ढब्बूला तर मांडीवरून खाली ठेवलं नाहीत, आणि आमचं लग्न ठरलं तशी बॅग भरून आपल्या घरी निघून गेलात. तरी मुलांच्या वाढदिवसाला खोकं येतं. आत चिठ्ठी नसते, पण मोजे बरोबर पायात बसतात. म्हणजे पोरं किती वाढली असतील याचा अंदाज तुम्ही तिकडे बसून घेत असता. त्याच भरवशावर लिहितेय.

काम असं आहे. मेच्या सुट्टीत आम्ही मुलांना क्रूझवर न्यायचं म्हणतोय. शाळेत जहाजांचा धडा झाल्यापासून पंतोजीने घरात दुसरा विषय काढू दिलेला नाही. तिचे बाबा एकदा “बघू” म्हणाले, आणि तिच्या कोशात ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा आहे. आता जहाज कुठलं, केबिन कुठली, यावर बुकिंगवाली बाई एकेक प्रश्न विचारते आणि मी गप्प बसते. मुलीला बोट लागते का? काळोखात झोपते का? मुलगा कुठे कुठे चढतो? मला या मुलांची एका वर्षाचीच माहिती आहे. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, “तेव्हाचं सगळं आजीच बघायच्या.”

तर आजींनाच विचारावं म्हटलं. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.

— चष्म्याच्या दुकानातली


२२ फेब्रुवारी

ती. आजी,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून पुढचं लिहिते.

परवा आम्ही चौघं बुकिंगच्या ऑफिसात गेलो. काचेचं टेबल, भिंतीवर निळंशार पाणी, आणि एक गोड बोलणारी बाई. ढब्बू पाच मिनिटांत खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीच्या कट्ट्यावर पोचला. बाईंनी आपली फुलदाणी हळूच कपाटात ठेवून दिली.

तीन जहाजं दाखवली. पहिलं म्हणजे तरंगतं शहरच. घसरगुंड्या, नाटकघर, बर्फावर घसरायची जागा. मी विचारलं, “एवढ्यात मूल हरवलं तर?” बाई म्हणाल्या, “मनगटाला पट्टा बांधतो ना, लगेच सापडतं.” तुमचे जावई लिफ्ट तपासणारे, त्यांचा प्रश्न एकच: “लिफ्ट किती आहेत?” चोवीस म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथे ठरवावं लागलं, हे जहाज नको. मुलांच्या आधी नवराच हरवायचा.

दुसरं छोटं आणि फार देखणं. पांढरे पडदे, मेणबत्त्या, आणि फोटोत एकही मूल नाही. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मुलांना मनाई नाही हो.” मनाई नाही म्हणजे आलात तर खपवून घेऊ. अशा ठिकाणी आपली पोरं न्यायची आणि आठवडाभर लोकांची माफी मागत हिंडायचं, हे काही मला झेपणारं नाही.

तिसरं मधल्या आकाराचं, थोडं जुनं. फोटोतसुद्धा गालिच्याचा रंग उडालेला दिसतो. पण तिथे तीन वर्षांपुढच्या मुलांना सांभाळणारी खोली आहे, गुडघाभर पाण्याचा तलाव आहे, आणि मुलांची जेवणं संध्याकाळी लवकर उरकतात. आम्ही तेच घेतलं. नाव मोठं नाही, पण लक्षण बरं वाटतंय.

आता गाडं अडलंय केबिनपाशी. आतल्या बाजूची घेतली तर तिला खिडकीच नाही, दिवा घालवला की भर दुपारी मध्यरात्र. बाहेरची घेतली तर न उघडणारी गोल खिडकी. आणि तिसरी बाल्कनीवाली. बाबांना बाल्कनी हवी आहे. समुद्राकडे तोंड करून चहा प्यायचा, म्हणे. मी ढब्बूकडे बघते आणि माझा चहा आत्ताच थंड होतो.

शिवाय वरच्या मजल्यावर घ्यावी की खालच्या, पुढे की मागे, हाही घोळ आहेच. सगळ्यात कमी कुठे हलतं, असं मी दोनदा विचारलं. बाईंनी आमच्यासाठी कॉफी मागवली होती, पण मला त्या वासाने बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. हल्ली पोट जरा नाजूक झालंय. हवा बदलली की होतं तसं.

पंतोजीने तिथल्या बाईंना सांगितलं, “तुमच्या पाटीवर ‘समुद्रपर्यटन’मधला र्य चुकलाय.” चुकलाच होता.

— मीच


९ मार्च

ती. आजी,

तुमचं कार्ड आलं. मी दुकानातून आले तर तुमचे जावई जेवणाच्या टेबलापाशी ते हातात धरून बसलेले. मी तुम्हाला लिहिते हे मी घरात बोलले नव्हते. आधी सांगितलं असतं तर “त्या उत्तर द्यायच्या नाहीत” एवढं म्हणून ते मोकळे झाले असते, आणि मग माझाही हात लिहायला उचलला नसता.

त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, “मला काहीच लिहिलेलं नाही.”

मी म्हटलं, “तुम्ही तरी त्यांना कुठे काय लिहिलंय?”

त्यांनी उठून चहा केला, मला दिला, आणि कार्ड फ्रिजच्या दारावर लावलं. ते अजून तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. केबिन मधल्या मजल्यावर, लांबीच्याही मधोमध. खिडकीची, कारण पंतोजीला पूर्ण काळोख चालत नाही. (मला हे ठाऊक नव्हतं. ती रोज दार किलकिलं ठेवायला लावते आणि कारण म्हणून “हवा खेळती राहते” असं सांगते.) बाल्कनी बाद. तुम्ही नुसतं “मुलगा चढतो” असं दोन शब्दांत लिहिलंत, आणि माझं आठवडाभराचं भांडण मिटलं. बाबांनी वाद घातला नाही. एकाच खोलीत चार बिछाने, खाली दोन आणि भिंतीतून उघडणारे वर दोन.

आणि तुमची शेवटची ओळ. “तुला कितवा?”

ताकाला आल्यावर भांडं कशाला लपवायचं, म्हणून सांगते. चौथा लागला. कॉफीवरून ओळखलंत ना? इथे दुकानात माझ्याशेजारी दिवसभर बसणाऱ्या पोरीला कळलं नाही, आणि तुम्ही एवढ्या लांबून ओळखलंत.

तुम्हाला कसं सांगावं हे कळत नव्हतं. तुमच्या मनात काय येईल तेही कळत होतं. घरात आणखी एक आलं की आधीच्या दोघांचं काय, हेच ना? मी इथे बसून कितीही शपथा घेतल्या तरी तुमचं समाधान होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. येऊन बघा, तेव्हाच काय ते कळेल.

मुलांना अजून सांगितलं नाही. पंतोजीला आधी सांगायला हवं, नाहीतर ती आमचं व्याकरण काढेल.

— चष्मेवाली


२ एप्रिल

ती. आजी,

“ओझं उचलू नको, दुपारी पडत जा.” एवढं एकच वाक्य, तेही बिनसहीचं. पण मी दुपारी पडते. दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या खुर्चीवर.

आता घोटाळा ऐका. काल बुकिंगवाल्या बाईंचा फोन आला. त्यांनी सहज विचारलं, “तुमच्यात कोणी गरोदर नाही ना?” मी म्हटलं, “आहे की, मीच!” मोठ्या उत्साहात म्हटलं. मग त्या म्हणाल्या, चोवीस आठवडे उलटले की जहाजावर चढू देत नाहीत. बोटीवर एकच डॉक्टर असतो, आणि किनारा लांब. मेपर्यंत मी त्या हद्दीपलीकडे गेलेली असणार. मला वाटत होतं, आगगाडीसारखंच असेल, शेवटपर्यंत कोणी विचारत नाही.

फोन ठेवला आणि चक्क रडले. पंतोजी बघत होती, म्हणून त्या दिवशीच तिला सगळं सांगून टाकलं. बाळाचं ऐकून तिने आधी माझ्या पोटाकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे बाळ आत्ताच जहाजात आहे, म्हणून तुला दुसऱ्या जहाजात घेत नाहीत.” आणि विचारलं, “मग आपण कोणीच जायचं नाही का?” रडली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मोठी माणसं करतात तसं.

तुमचे जावई म्हणाले, रद्द करू, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तान्हं मूल असेल. त्याच्या पुढच्या वर्षी ते चढायला लागेल. अशी वाट बघत राहिलो तर पंतोजी स्वतःच्या मुलांना घेऊन जाईल.

एकटा माणूस दोन पोरांना घेऊन जहाजावर जाऊ शकतो. पण ढब्बू डावीकडे पळाला आणि पंतोजीला उजवीकडची पाटी वाचायची असली की तुमचे जावई मधल्या लिफ्टमध्येच उभे राहतील, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून विचारते. तुम्ही जाल का? माझ्या जागी.

हे मी रात्री त्यांच्याशी बोलले. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, “त्या माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. आणि मी कुठल्या तोंडाने विचारू?” मी म्हटलं, “तोंड माझं वापरू. तुम्ही फक्त हो म्हणा.” ते हो म्हणाले. लगेच म्हणाले, आजी, तेवढं मी खरं सांगते.

— तुमची
(हे आपोआप लिहिलं गेलं. खोडत नाही.)


२१ एप्रिल

ती. आजी,

काल तुम्ही दुकानात फोन केलात त्याबद्दल मालकांची तक्रार नाही, उलट ते दिवसभर विचारत होते, “कोण होत्या त्या? फारच जोरात बोलतात.”

पत्रातल्या अटी वाचल्या होत्या. जावयांच्या खोलीत झोपणार नाही, वरच्या बिछान्यावर चढणार नाही, आणि ‘बिचारी म्हातारी’ म्हणून नेणार असलात तर येणार नाही. तिन्ही मंजूर. म्हणून चार बिछान्यांची ती खोली सोडली आणि शेजारशेजारच्या दोन बघितल्या, मध्ये दार असलेल्या. तुम्ही आणि पंतोजी एकीत, बाप-लेक दुसरीत. अशी जोडी एकच उरली होती, तीही पार शेपटाकडे, इंजिनावर. नाहीतर मधोमधच्या दोन, पण समोरासमोर, मध्ये जाण्यायेण्याचा बोळ.

त्यावरून आपलं फोनवर जे झालं ते मला अजून आठवून हसू येतंय. तुम्ही म्हणालात, “शेपटाकडची घे. बोळात पोरगं एकटं सुटलं तर सापडायचं नाही.”

मी म्हटलं, “शेपटाला जहाज सगळ्यात जास्त हलतं. पंतोजीला बोट लागली तर?”

“गोळी देऊ.”

“गोळीने ती दिवसभर झोपते. मग जहाज कधी बघायचं?”

“तिला मी तुझ्या आधीपासून ओळखते.”

“आणि आत्ताच्या तिला मी ओळखते!”

काउंटरवर एक गृहस्थ एका डोळ्यावर हात धरून भिंतीवरची अक्षरं वाचायला उभे होते, ते अक्षरं सोडून माझ्याकडेच बघायला लागले. मग तुम्ही म्हणालात, “बरं, मग मधोमध अशी दुसरी जोडी मिळते का बघ. प्रयत्न कर.” आणि फोन ठेवलात.

आजी, वर्षभर या घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. मी नवी, म्हणून. मीही जपून बोलते. मुलांवरून माझ्याशी कोणी हक्काने भांडलं ते कालच. संध्याकाळभर मी भलत्याच खुशीत होते.

आणि जोडी मिळाली! मधोमधच्या दोन जोडखोल्यांपैकी एकीत एक निवृत्त गृहस्थ एकटेच जाणार होते. बाईंनी त्यांना फोन केला तर ते म्हणाले, “मला मधलं दार नकोच आहे. मागच्या खेपेला पलीकडचा रात्रभर घोरला.” त्यांनी आनंदाने खोली बदलून घेतली. दुसरी रिकामीच होती. दोन्हींना खिडकी आहे, आणि बाहेरच्या दाराला वर, ढब्बूच्या हाताबाहेर, कडी आहे. मी दोनदा विचारून घेतलं.

आता तुम्ही घोरता की नाही, ते पंतोजी आल्यावर सांगेलच.

— तुमची


१४ मे

ती. आजी,

हे पत्र पंतोजीच्या पिशवीत ठेवतेय. जहाज सुटल्यावर द्यायला सांगितलंय, म्हणजे तुम्हाला परत फिरता येणार नाही.

उद्या स्टेशनवर आपण लग्नानंतर पहिल्यांदा भेटू. तिथे सामान असेल, पोरं असतील, माझं पोट असेल, आणि नीट बोलणं होणार नाही. म्हणून इथे लिहिते.

तुम्ही सोडून गेलात ती पंतोजी सहाचीही नव्हती. आता ती वेणी घालू देत नाही, केस कापून टाकलेत. बघून वाईट वाटून घेऊ नका. कापताना तिने तुमची वेणीची रिबन मागून घेतली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवली. दूध आता आवडत नाही. पोहायला येतं. भीती वाटली की मोठमोठ्याने माहिती सांगायला लागते. जहाजाचं वजन, समुद्राची खोली, असलं काही सुरू झालं की हात धरायचा, बाकी काही बोलायचं नाही.

ढब्बूला प्रत्येक गोष्ट ‘मी, मी’ करायची असते. बूट उलटे घालतो, घालू द्या. लिफ्टचं बटण त्यालाच दाबायचं असतं, त्यात बापाशी स्पर्धा आहे. झोपताना कान धरायला लागतो. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा.

आणखी एक, हे तुम्हाला तिथे कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ढब्बू मला आई म्हणतो. मी शिकवलं नाही, कोणीच शिकवलं नाही. एक दिवस पायरीवरून पडला आणि तीच हाक मारली. मी त्याला फोटो दाखवून सांगितलंय की ही तुझी आई, जिच्या पोटातून तू आलास. तो म्हणतो, “ती फोटोतली आई.” मला त्याला गप्प करता येत नाही आणि हो म्हणतानाही जड जातं. पंतोजी मला चष्मामावशी म्हणते, आणि ते मला आवडतं.

त्यासाठीच खरं तर तुम्ही जायला हवं होतात. मुलांना त्यांच्या आईबद्दल मला काही सांगता येत नाही, मी तिला पाहिलेलं नाही. त्यांचे बाबा सांगायला लागले की दुसऱ्या वाक्यालाच उठून बाहेर जातात आणि पोरं घाबरतात. तुम्ही सांगा. ती लहान असताना काय उपद्व्याप करायची, कशाला हट्ट करायची, कोणाचा मार खायची. नुसतं चांगलं चांगलं नको, खरं सांगा. समुद्रावर दुसरं काम तरी काय आहे?

माझी काळजी करू नका. दुकानातली पोरगी सोबतीला येणार आहे, आणि मी आठवडाभर सकाळी उशिरापर्यंत लोळणार आहे. या घरात हे सुख अजून कोणाला मिळालेलं नाही.

— तुमची


८ जून

ती. आजी,

जहाजावरून परतल्यावर थोडे दिवस इथे राहून तुम्ही गेलात, त्याला चार दिवस झाले. घरात अजून तुमचाच आवाज आहे. ढब्बू मला “ओझं उचलू नको” म्हणून दम देतो आणि स्वतः माझ्या कडेवर चढायला बघतो.

जहाजावरच्या गोष्टी मला तीन माणसांकडून तीन प्रकारे कळल्या. पंतोजीच्या म्हणण्याप्रमाणे जहाजात दोन चुका होत्या, एक जेवणाच्या पाटीवर आणि एक कप्तानाच्या भाषणात. ढब्बूच्या म्हणण्याप्रमाणे तिथे फक्त एक लिफ्ट आणि एक उथळ तलाव होता. आणि मुलांना बोट लागू नये म्हणून आपण दोघींनी एवढा आटापिटा केला, ती लागली कोणाला? बाप्यामाणसाला! पहिल्याच संध्याकाळी आडवे झाले ते दोन दिवस उठले नाहीत, असं पंतोजीने मला दारातच सांगितलं. ते मागे उभे राहून “थोडंसंच हो” म्हणत होते.

पुढचं मात्र त्यांनी एकटं असताना सांगितलं. मुलांना खेळायच्या खोलीत सोडून तुम्ही मधल्या दाराने आत आलात, न विचारता ओलं फडकं त्यांच्या कपाळावर ठेवलंत, आणि बादली पुढे केलीत. ते म्हणाले, “मला लाज वाटत होती. वर्षभरात एक ओळ लिहिली नाही मी, आणि आता यांच्यासमोर बादलीत डोकं घालून बसलोय.” त्यांना बोलायचं होतं पण तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून तुम्हीच बोललात.

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही म्हणालात, “मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझी लेक गेली आणि तुला दुसरी मिळाली, मला कुठून मिळणार दुसरी? पण नुसत्या रागाने गेले नाही. मी राहिले असते तर पोरं माझ्याच पदराला धरून बसली असती. तिला घरात पाय टेकू दिला नसता. मग मी मनाला कडी लावली आणि गेले. फोन घेतला असता तर परत आले असते, म्हणून घेतला नाही.”

त्यावर ते काय म्हणाले? “मी म्हटलं, आई, मला परत होतंय.” आणि तुम्ही बादली पुढे केलीत. मग तुम्ही दोघं हसलात, आणि हसता हसता रडलात, आणि तेवढ्यात सफाईवाला आला तो घाबरून परत गेला.

आजी, हे सांगताना माझा नवरा पहिल्यांदा तुमच्या लेकीचं नाव घेऊन सलग बोलला. मधेच उठून गेला नाही. लहानपणी ती शेजाऱ्यांच्या कुत्र्याला शाळेत घेऊन गेली होती, हे त्यालाही माहीत नव्हतं. आता ढब्बूला कुत्रा हवा आहे. ‘फोटोतल्या आईने’ नेला होता तसा. त्याचं उत्तर तुम्ही द्या, मी देणार नाही.

आता मुख्य काम. काल जेवताना पंतोजीने विचारलं, “बाळाला आजी कुठून आणायची?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“बाबांची आई नाही. तुझी आई नाही. आमची आजी आमच्या आईची आई आहे. म्हणजे बाळाला आजीच नाही.” बोटांवर मोजून दाखवलं तिने. हिशोबात चूक नव्हती. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, आणि गेले काही महिने मला तिची फार आठवण येते, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी तिच्या ताटात भात वाढला, आणि तिचे बाबा म्हणाले, “बघू.”

पंतोजीने त्यांच्याकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं, आणि निकाल दिला. “आमचीच देऊ. पण दुपारी झोपताना ती माझ्याकडे.”

“माझ्याकडे,” ढब्बू म्हणाला, आणि दोघांची जुंपली. तुमच्या दुपारच्या झोपेची त्यांनी वाटणी केली आहे. बाळाच्या वाट्याला तूर्त सकाळचा थोडा वेळ आलाय.

तुम्हाला न विचारता हे झालंय, म्हणून कळवते. बाळंतपण ऑगस्टच्या शेवटाला सांगितलंय. हरकत असेल तर सविस्तर पत्र लिहा, मी शांतपणे वाचेन. नसेल तर पत्राची तसदी घेऊ नका, गाडी कधी पोचते तेवढं कळवा. आम्ही सगळे न्यायला येतो.

— तुमची